त्याच कागदांतून दोन निकाल: भोकरदन खटला विज्ञानाच्या चष्म्यातून

या ब्लॉगवर आपण सहसा शोधनिबंध वाचतो. आज दोन न्यायनिर्णय वाचू. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे आणि एकाच खटल्यातले. साक्षीदार तेच, पंचनामे तेच, आरोपी तेच. ३० एप्रिल २००९ च्या निकालानं सहाही आरोपींना फाशी दिली. ५ मार्च २०१९ च्या निकालानं त्याच सहा जणांना निर्दोष सोडलं. मधल्या दहा वर्षांत नवा साक्षीदार आला नव्हता, कुणी कबुलीही दिली नव्हती. डेटा तोच राहिला, निष्कर्ष उलटा झाला.

विज्ञानात असं घडलं की आपण एक प्रश्न विचारतो: पहिल्या विश्लेषणात नक्की कुठली पायरी चुकली? तोच प्रश्न मला इथे विचारायचा आहे. शिवाय दुसऱ्या निकालानं ती पायरी नीट दाखवून दिली का, हेही तपासायचं आहे. माझं मत आधीच सांगते: २०१९ चा निकाल बरोबर आहे, पण अपुरा आहे.

प्रकरण काय होतं

५ जून २००३ च्या रात्री जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर हल्ला झाला. पाच जणांचा खून झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले, ऐवज लुटला गेला. घरातली एक स्त्री आणि एक तरुण असे दोघं वाचले. गुन्हा इतका भयंकर होता की तपशील लिहायला हात धजावत नाही, आणि आपल्या चर्चेला त्याची गरजही नाही. एक गोष्ट मात्र विसरायची नाही. पुढे आपण आरोपींच्या बाजूच्या मुद्द्यांबद्दल बोलू, तेव्हाही त्या कुटुंबाला न्याय मिळाला का, हा प्रश्न तिथेच उभा असेल.

पुढे सहा जणांवर खटला चालला. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं दोषसिद्धी कायम ठेवली, पण फाशी तिघांचीच कायम केली आणि उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. आरोपी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तिघांची शिक्षा वाढवा म्हणून राज्य सरकारही गेलं. २००९ मध्ये सरकारचं अपील मान्य झालं आणि सहाही जण पुन्हा फाशीच्या यादीत आले. कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावानं आहे.

अपिलाची शिडी इथेच समजून घेऊ, कारण आपल्याकडे तिच्याबद्दल बराच गोंधळ असतो. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, म्हणजे हिंगोली जिल्ह्यात गुन्हा घडला तर सत्र न्यायालयानंतरचं अपील औरंगाबाद खंडपीठाकडे जातं. नाका ओलांडून वाशीम जिल्ह्यात गेलात की तेच अपील नागपूर खंडपीठाकडे. जालना आपल्याच बाजूला, म्हणून भोकरदनचं प्रकरण औरंगाबादला गेलं. उच्च न्यायालयातलं हे पहिलं अपील आरोपीचा हक्क असतो. फाशी असेल तर आरोपीनं अपील केलं नाही तरी उच्च न्यायालयाला सगळा पुरावा पुन्हा तपासून शिक्षा कायम करावी लागते. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात मात्र बहुतेक वेळा संविधानाच्या अनुच्छेद १३६ खाली विशेष परवानगी मागावी लागते. तिथे एक जुना दंडक आहे: खालच्या दोन्ही न्यायालयांनी तथ्यांबद्दल एकच निष्कर्ष काढला असेल, तर शक्यतो त्यात हात घालायचा नाही.

या दंडकाकडे मी पुन्हा येणार आहे.

७ जूनचा अल्बम

खटल्याचा सगळा डोलारा वाचलेल्या दोघांच्या साक्षीवर, म्हणजे त्यांनी आरोपींना ओळखण्यावर उभा होता. त्यांनी ओळख परेडमध्ये आरोपी ओळखले आणि पुढे कोर्टातही ओळखले. प्रत्यक्षदर्शी, तेही स्वतः जखमी झालेले. आपल्या न्यायालयांत याहून वजनदार साक्ष क्वचितच मानली जाते, आणि २००९ च्या निकालानंही ती तशीच मानली.

पण त्याच रेकॉर्डमध्ये आणखी एक गोष्ट होती. ७ जून २००३ रोजी, म्हणजे घटनेनंतर दोनच दिवसांनी, वाचलेल्या स्त्रीला पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या अल्बममधले फोटो दाखवले गेले होते. त्यातल्या चौघांना तिनं हल्लेखोर म्हणून ओळखलं होतं.

ते चौघं या सहा जणांपैकी नव्हते.

त्या चौघांचं पुढे काय झालं? त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं नाही. ओळख चुकली होती, की ते त्या रात्री दुसरीकडे होते, की आणखी काही, याचा खुलासा करणारा तपास सरकार पक्षाला दाखवता आला नाही. २०१९ चा निकाल मुख्यतः या मुद्द्यावर उलटला. न्या. ए. के. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्यांदा ओळखलेल्या चौघांना वाऱ्यावर सोडून तपास दुसऱ्याच सहा जणांकडे वळला, त्यामुळे तपास निष्पक्ष राहिला नाही आणि साक्षीदारांच्या नंतरच्या ओळखीवर फाशी तर दूरच, दोषसिद्धीही टिकत नाही.

इथे काही वाचक म्हणतील, "म्हणजे तांत्रिक मुद्द्यावर सुटले." हे मला अजिबात पटत नाही. तांत्रिक मुद्दा म्हणजे अर्ज एक दिवस उशिरा आला किंवा शिक्का चुकला. इथे प्रश्न सरळ 'हीच ती माणसं का?' असा आहे. खटल्यात याहून मूलभूत प्रश्न असूच शकत नाही.

पहिली चाचणी महत्त्वाची की शेवटची?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. ओळख पटवण्याच्या प्रक्रियेवर मानसशास्त्रात गेली चाळीसेक वर्षं भरपूर संशोधन झालं आहे. त्यातल्या तीन गोष्टी या खटल्याला थेट लागू पडतात.

पहिली गोष्ट: आठवण ही कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते. प्रत्येक वेळी ती नव्यानं जुळवली जाते, आणि मधल्या काळात पाहिलेले चेहरे तिच्यात मिसळतात. साक्षीदाराला आधी फोटो दाखवले आणि नंतर परेडला नेलं, तर फोटोतला चेहरा परेडमध्ये 'ओळखीचा' वाटू लागतो. तो ओळखीचा असतोच. फक्त तो फोटोत पाहिला होता की घटनास्थळी, हे मेंदू सांगू शकत नाही. २००६ मध्ये डेफनबाकर, बोर्नस्टाइन आणि पेनरॉड यांनी अशा अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं, त्यातही हा परिणाम दिसला.

दुसरी गोष्ट: खात्री बाहेरून वाढवता येते. १९९८ मध्ये गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना एक चित्रफीत दाखवली आणि मग फोटोंतून माणूस ओळखायला सांगितलं. खरा माणूस त्या फोटोंत नव्हताच, त्यामुळे ज्यांनी निवड केली ते सगळे चुकले होते. त्यातल्या काहींना नुसतं 'बरोबर ओळखलंत' अशा अर्थाचं सांगितलं. तेवढ्यानं त्यांची खात्री वाढली. शिवाय 'मला चेहरा नीट दिसला होता', 'मी लक्ष देऊन पाहत होतो' असंही ते जास्त ठामपणे सांगू लागले. म्हणजे एका वाक्यानं निवडीबद्दलची खात्री बदलली आणि मूळ घटनेची आठवणही बदलली.

तिसरी गोष्ट सगळ्यात कळीची. २०२१ मध्ये वेल्स, जॉन विक्सटेड, एलिझाबेथ लॉफ्टस आणि ब्रँडन गॅरेट यांनी मिळून एक शिफारस केली: संशयिताबद्दल साक्षीदाराच्या स्मृतीची चाचणी एकदाच घ्या. पहिली चाचणीच खरी चाचणी. योग्य पद्धतीनं घेतली तर त्या वेळची खात्री बऱ्यापैकी अर्थपूर्ण असते. त्यानंतरची प्रत्येक ओळख ही आधीच्या ओळखीची आठवण असू शकते. कोर्टात दोन-तीन वर्षांनी बोट दाखवणं ही तर पुराव्याच्या दृष्टीनं सगळ्यात कमकुवत ओळख. आरोपी कुठे बसतो हे सगळ्यांना माहीत असतं.

आता आपला कायदा पाहा. भारतीय पुरावा कायद्याखाली (आता त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आहे, तरी तत्त्व तेच आहे) कोर्टात केलेली ओळख हा मूळ पुरावा मानतात. आधीची ओळख परेड फक्त त्याला दुजोरा देते. संशोधनानं लावलेला क्रम नेमका याच्या उलट आहे. कायदा शेवटच्या चाचणीला मूळ म्हणतो, विज्ञान पहिल्या चाचणीला.

२००९ च्या निकालात चुकलेली पायरी मला इथे दिसते. घटनेनंतर दोन दिवसांनी झालेली ओळख आणि नंतर परेडमध्ये व कोर्टात झालेली ओळख एकमेकींच्या विरुद्ध जात होत्या. अशा वेळी नंतरच्या ओळखीला जास्त वजन मिळालं, कारण कायद्याच्या चौकटीत तिचाच दर्जा वरचा होता. न्यायमूर्तींचा हेतू वाईट होता असं सुचवायचं कारण नाही. पद्धतच तशी होती.

दोन साक्षीदार म्हणजे दोन पुरावे नव्हेत

अजून एक मुद्दा, जो निकालांत क्वचित सापडतो. समजा, परेडमध्ये एक आरोपी आणि सहा डमी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये एका आरोपीसोबत किमान अर्धा डझन माणसं ठेवा आणि एका परेडमध्ये शक्यतो दोनहून जास्त आरोपी घेऊ नका, असं मार्गदर्शन आहे. साक्षीदारानं डोळे मिटून बोट दाखवलं तरी आरोपीवर बोट पडण्याची शक्यता ७ पैकी १, म्हणजे सुमारे १४ टक्के. दोन साक्षीदारांनी स्वतंत्रपणे तसं केलं, तर दोघांचंही बोट आरोपीवर पडण्याची शक्यता ४९ पैकी १, म्हणजे सुमारे २ टक्के. म्हणून दोघांनी एकाच माणसाला ओळखलं की आपल्याला ते फार भक्कम वाटतं.

पण हा गुणाकार दोघं स्वतंत्र असतील तरच चालतो. एकाच घरात राहणारे, एकाच प्रसंगातून गेलेले, त्याबद्दल एकमेकांशी बोलणारे आणि एकाच तपास यंत्रणेच्या हाताखालून परेडला जाणारे दोन साक्षीदार सांख्यिकीच्या अर्थानं स्वतंत्र नसतात. दोघांवर परिणाम करणारं एकच कारण असेल, तर दोन टक्क्यांचा आकडा उडून जातो आणि आपण पुन्हा एका साक्षीदारापाशी येतो.

तीन न्यायालयांचंही तेच. 'सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय, तिन्हींनी दोषी ठरवलं' हे वाक्य ऐकायला तिहेरी कुलुपासारखं वाटतं. पण वरच्या न्यायालयांनी साक्षीदार पाहिलेले नसतात. त्यांच्यासमोर खालून आलेले तेच कागद असतात, आणि वर सांगितलेला 'एकमतात हात घालायचा नाही' हा दंडक. तीन परीक्षकांनी एकच शोधनिबंध तपासला, पण मूळ नोंदवही कुणीच उघडली नाही, तर ती तीन वेळा झालेली पडताळणी होत नाही. ७ जूनची नोंद रेकॉर्डमध्ये होती, तरी ती निकालाला वळण देण्याइतकी महत्त्वाची ठरायला सोळा वर्षं गेली.

हे सगळं मांडताना एक मर्यादा सांगायला हवी. वरचे बहुतेक प्रयोग अमेरिका-युरोपातल्या विद्यापीठांत, सुरक्षित वातावरणात झालेले आहेत. रात्रीच्या अंधारात जिवावर बेतलेल्या माणसाच्या स्मृतीचं काय होतं, हे चित्रफीत दाखवून पूर्णपणे कळत नाही. पण प्रत्यक्ष खटलेही त्याच दिशेला बोट दाखवतात. अमेरिकेत डीएनए चाचणीनं निर्दोष ठरलेल्या कैद्यांपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त प्रकरणांत चुकीची ओळख झाली होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या रोनाल्ड कॉटनला १९८४ च्या घटनेत पीडितेनं आधी फोटोत, मग परेडमध्ये आणि मग कोर्टात ओळखलं, दर वेळी अधिक खात्रीनं. पुढे खरा गुन्हेगार तिच्यासमोर कोर्टात उभा केला, तेव्हा हा माणूस आपण कधी पाहिलाच नाही, असं ती म्हणाली. १९९५ मध्ये डीएनए त्याच दुसऱ्या माणसाशी जुळला. ती खोटं बोलत नव्हती. भोकरदनच्या साक्षीदारांबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. प्रामाणिक असणं आणि अचूक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संविधानाचं दार

आता प्रश्न असा की शेवटच्या न्यायालयानं फाशी दिल्यावर हे प्रकरण पुन्हा उघडलं कसं?

संविधानाच्या अनुच्छेद १३७ खाली सर्वोच्च न्यायालय आपल्याच निकालाचं पुनर्विलोकन करू शकतं. पण या याचिका सहसा न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलांचं तोंडी म्हणणं न ऐकता, कागदांवरूनच निकाली निघत. २ सप्टेंबर २०१४ रोजी मोहम्मद आरिफ प्रकरणात घटनापीठानं ४ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की फाशीच्या प्रकरणात पुनर्विलोकनाची सुनावणी खुल्या न्यायालयात झाली पाहिजे. आधार अनुच्छेद २१ चा: कायद्यानं घालून दिलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावता येत नाही, आणि ती पद्धत न्याय्य व वाजवी असली पाहिजे. बहुमताच्या निकालात एक प्रांजळ कबुली आहे. त्याच पुराव्यावरून दोन विवेकी न्यायमूर्ती वेगवेगळ्या निष्कर्षावर येऊ शकतात, एक फाशी देईल आणि दुसरा देणार नाही. शिक्षा परत फिरवता येणारी नसेल, तर निदान आणखी एकदा नीट ऐकून घ्या.

मापन करणाऱ्या कुणालाही ही भाषा ओळखीची वाटेल. दोन निरीक्षकांची मापं जुळत नसतील, तर आधी उपकरणाचा अनिश्चितपणा मान्य करायचा. सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये भोकरदन प्रकरणातला २००९ चा निकाल मागे घेण्यात आला, अपिलं पुन्हा जिवंत झाली आणि त्यांचा निकाल मार्च २०१९ मध्ये आला.

शिक्षेच्या बाबतीतही २००९ च्या निकालात एक मोठी फट होती. त्यात १९९६ च्या रावजी प्रकरणाचा आधार घेतला होता. रावजीचा सूर असा की शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप पाहायचं, गुन्हेगाराचं नव्हे. पण १९८० च्या बचनसिंग प्रकरणात घटनापीठानं सांगितलं होतं की गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही पाहा. ३० एप्रिल २००९ ला भोकरदनचा निकाल आला, आणि तेराच दिवसांनी, १३ मे २००९ ला, संतोष बरियार प्रकरणात त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानं रावजीचा निकाल बचनसिंगशी विसंगत, म्हणून पायंडा मानण्यालायक नाही, असं जाहीर केलं. तारीख दोन आठवडे पुढे गेली असती तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

गुन्हेगाराकडे पाहायचंच नाही म्हटलं की काय होतं, याचं उदाहरणही याच प्रकरणात आहे. सहापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे फाशी सुनावली गेल्यानंतर कित्येक वर्षांनी निष्पन्न झालं. वय हा तर गुन्हेगाराबद्दलचा सगळ्यात पहिला प्रश्न.

२०१९ च्या निकालात काय कमी आहे

आधी चांगलं काय ते. निष्पक्ष तपास हा आरोपीचा संविधानानं दिलेला हक्क आहे, हे त्यानं स्पष्ट म्हटलं. सुरुवातीला ओळखल्या गेलेल्या चौघांबाबत पुढील तपास करायला सांगितलं. चूक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा विचार करायला सांगितलं. राज्य सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला.

आता माझे तीन आक्षेप.

पहिला. पहिली ओळख महत्त्वाची म्हणताना निकालानं तिचीही तपासणी करायला हवी होती. पोलिसांचा अल्बम ही चांगली चाचणी नसते. परेडमध्ये सहा डमी निर्दोष आहेत हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे साक्षीदार चुकला तर चूक पकडता येते. अल्बममध्ये मात्र सगळेच 'रेकॉर्डवरचे'. कुणावरही बोट पडलं तरी एक संशयित मिळतोच, चूक कधी दिसतच नाही. म्हणजे ७ जूनची ओळख खरी होती, असंही विज्ञान सांगत नाही. ते एवढंच सांगतं की ती ओळख समोर असताना नंतरच्या ओळखीवर विसंबता येत नाही. सुटकेला तेवढं पुरेसं आहे. पण हा फरक निकालात ठसठशीतपणे यायला हवा होता, नाहीतर आपण सहा जणांवरचा शिक्का पुसून चार जणांवर मारायला मोकळे.

यात एक सामाजिक बाजूही आहे. अल्बममध्ये कुणाचे फोटो असतात? ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण वस्तीजवळ चोरी झाली की पहिली चौकशी पालावर, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. संशयितांचा संच आधीच एका बाजूला कललेला असेल, तर त्यातून कुणीही निवडलं तरी कल तसाच राहतो.

दुसरा आक्षेप. निकालानं चूक दुरुस्त केली, पण पुढच्या खटल्यांसाठी नियम दिला नाही. या प्रकरणात ओळख का टिकत नाही, हे समजतं. पुढच्या प्रकरणात फोटो कसे दाखवायचे, साक्षीदाराची त्या क्षणाची खात्री त्याच्याच शब्दांत नोंदवायची का, परेड घेणाऱ्याला आरोपी कोण हे माहीत असावं का, आधीची फसलेली ओळख बचाव पक्षाला आपणहून द्यायची का, यावर ठोस काही नाही. शेवटच्या मुद्द्यावर थोडी प्रगती झाली आहे. फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबाबत सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. सरकार पक्षानं जप्त केलेल्या पण न वापरलेल्या कागदपत्रांची यादीही आरोपीला द्यावी, असं त्यांत आहे. बाकी प्रश्न तसेच आहेत. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २१ जुलै २०२५ रोजी बारा जणांची दोषसिद्धी रद्द केली, तेव्हाही उशिरा झालेली ओळख आणि अधिकार संपलेल्या अधिकाऱ्यानं घेतलेली परेड हे मुद्दे होते. तो निकाल इतर खटल्यांत पायंडा म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयानं तीन दिवसांत स्थगिती दिली, त्यामुळे त्यावर अंतिम बोलणं घाईचं ठरेल. पण परेडचे प्रश्न काही भोकरदनपुरते नाहीत, एवढं दिसतंच.

तिसरा आक्षेप भरपाईचा. पाच लाख हा आकडा कुठून आला, हे निकालातून कळत नाही. सोळा वर्षं म्हणजे ५,८४० दिवस. पाच लाखांना भागा: दिवसाला सुमारे ८६ रुपये. त्या सुमारास महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०० रुपयांच्या वर होती. म्हणजे त्यातली बरीच वर्षं फाशीच्या छायेत काढणाऱ्या माणसाच्या दिवसाला रोहयोच्या निम्मीही किंमत लागली नाही. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली होती. तसा कायदा असता, तर आकडा अंदाजानं काढावा लागला नसता.

'मग डीएनए आहे ना!'

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. डीएनए असेल तर ओळख परेडची गरजच काय? बऱ्याच अंशी खरं आहे, पण प्रयोगशाळेत आपण नमुन्याइतकेच विश्वासार्ह असतो. १९ मे २०२३ रोजी प्रकाश निषाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठाणे जिल्ह्यातल्या एका फाशीच्या कैद्याला सोडलं. तिथे डीएनए अहवाल आरोपीच्या विरोधात होता. पण नमुने प्रयोगशाळेत पोचायला झालेला उशीर आणि मधल्या काळात ते कसे ठेवले याचा न जुळणारा हिशेब, यामुळे दूषित होण्याची शक्यता फेटाळता येत नव्हती. ट्यूबवर तारीख नसेल तर आमच्या लॅबमध्ये नमुना फेकून देतात. माणसाच्या जिवाच्या बाबतीत त्याहून ढिला नियम कसा चालेल?

१९७३ मध्ये शिवाजी बोबडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे की 'दोषी असू शकेल' आणि 'दोषी असलाच पाहिजे' यांत मोठं अंतर आहे. ते खटलाही महाराष्ट्रातलाच होता. त्या अंतरात काय काय येतं, याची यादी आता विज्ञान देऊ शकतं: चाचणी कितवी होती, संशयितांचा संच कसा निवडला, साक्षीदार स्वतंत्र होते का, खात्री कधी नोंदवली. ही यादी निकालपत्रात येण्याआधी पोलीस ठाण्यात आणि सत्र न्यायालयात पोचली पाहिजे. अपिलात चूक सापडते, तोवर आरोपीची सोळा वर्षं गेलेली असतात, आणि ज्यांच्या घरातले पाच जण गेले त्यांच्यासाठी तपास पुन्हा ७ जून २००३ पाशी येऊन थांबलेला असतो.